घाईतल्या माणसाची पाटी

एकदा एक पाट्या रंगवणारा होता. व्याख्यानात मी असं सुरू केलं की पुढच्या रांगेतली मंडळी सुखावून मागे टेकतात. त्यांना वाटतं, आता कुठलंतरी जुनं, दूरचं, झोप येईल असं काहीतरी ऐकायला मिळणार. तर जरा सरळ बसा. ही गोष्ट माझ्या घरासमोर घडलेली आहे आणि ती सांगताना मला अजून संताप येतो. एकदोनदा मी ती सौम्य करून सांगून पाहिली. तशी ती खोटी वाटते.

त्या पाट्या रंगवणाऱ्याचं नाव मार्तंड पेंटर. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतली निम्मी दुकानं चाळीस वर्षं त्यांच्या अक्षरांखाली उघडली आणि मिटली. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, पण अक्षर शिकायचं असेल तर अण्णांकडे जा, असं मुलांना मीच सांगायचो. अण्णांची एक रीत होती. पत्र्यावर आधी खडूने अक्षरं आखायची. मग ब्रशला हात न लावता रस्ता ओलांडायचा, पलीकडे उभं राहायचं आणि जाणाऱ्या एखाद्याला थांबवून ती वाचायला सांगायचं. तो माणूसही पारखून घेतलेला. पारावर बसलेला रिकामटेकडा त्यांना चालत नसे. हातात पिशवी, कपाळावर घाम, एसटी गाठायची आहे, असाच हवा. तो न अडखळता वाचून पुढे गेला तर अण्णा रंगाचा डबा उघडत. अडखळला तर खडू पुसून पुन्हा आखणी. "घाईतल्या माणसाला वाचता आली तर ती पाटी," ते म्हणत, "नाहीतर रांगोळी."

यावरून अण्णा म्हणजे रुक्ष, ठोकळेबाज माणूस असं समजू नका. स्टँडसमोरच्या केशकर्तनालयाच्या पाटीत त्यांनी अक्षरांवरच्या शिरोरेघेचाच उघडा वस्तरा केला होता. मूठ एका टोकाला, पातं दुसऱ्या टोकाला, आणि त्याखाली सगळं नाव स्वच्छ लटकलेलं. ती पाटी बघायला मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन जात असे.

या अण्णांचा एक शिष्य होता, हेरंब. कॉलेजात असताना तीन वर्षं तो रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन बसायचा. हाताला वळण असं की अण्णाही कधीकधी आपलं काम थांबवून बघत राहायचे. पुढे तो पुण्याला गेला, संगणकावरचं डिझाइन शिकला, मोठ्या कंपनीत राहिला आणि गेल्या वर्षी परत येऊन त्याने माझ्या घरासमोरच ऑफिस थाटलं. वेबसाइट, बोधचिन्हं, जाहिराती, सगळी कामं करू लागला. गावाला अभिमान वाटला, मलाही वाटला. ऑफिसची दर्शनी भिंत त्याने दुधासारखी पांढरी करून घेतली आणि तिच्यावर काहीच लिहिलं नाही. कोपऱ्यात फक्त एक राखाडी ठिपका. मी विचारलं, "अरे, नाव कुठाय?" तर हसून म्हणाला, "सर, रिकामी जागाच बोलते." बोलत असेल. दर आठवड्याला दोनतीन माणसं दाढ दुखते म्हणून त्याच्या दारात येत होती, कारण त्यांना तो दवाखाना वाटायचा.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नाही.

गावच्या रक्तपेढीने जुनी जागा सोडली आणि बायपासजवळ नवी इमारत घेतली. फोन नंबरही बदलला. नवा पत्ता आणि नवा नंबर लोकांना कळावा म्हणून पेढीच्या अध्यक्षांनी हेरंबला वेबसाइट करायला सांगितली. केवळ एवढ्यासाठी. आणि हेरंबने खरोखर अप्रतिम सुंदर काम केलं. मी त्याच्या ऑफिसात, थंड खोलीत, त्याच्या भल्यामोठ्या पडद्यावर ते पाहिलं आहे. आधी पांढराशुभ्र पडदा. मग वरून रक्ताचा एक थेंब सावकाश, अगदी सावकाश खाली येतो, तळाला टेकतो आणि त्याचं कमळ होतं. एकेक पाकळी उमलते. अध्यक्षांचे डोळे म्हणे भरून आले होते. त्या कामाला पुण्याच्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीसही मिळालं. माझेही डोळे निवले, हे मी कबूल करतो. नंबर कुठे आहे, हे विचारायचं मलाही सुचलं नाही. तेव्हा माझ्या संतापातला थोडा वाटा माझ्यावरही आहे.

अण्णांच्या घरी पोळ्या लाटायला साळूबाई येतात. त्यांची सून बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात होती. मूल सुखरूप झालं, पण सुनेचं रक्त थांबेना. तिचा गट सहजासहजी न मिळणारा. नर्सने कागदावर गट लिहून दिला आणि सांगितलं, "आधी फोन करून पिशवी आहे का विचारा. जुना नंबर बंद झालाय. मोबाइलवर त्यांची वेबसाइट आहे, तिच्यावर नवा आहे." मुलगा ऊसतोडीला लांब गेलेला. साळूबाई चौथी शिकलेल्या, वाचता येतं. दवाखान्याच्या पटांगणात, चैत्राच्या भर दुपारी, काच तडकलेला फोन घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि कुणाकडून तरी ती वेबसाइट उघडून घेतली.

थेंब येऊ लागला. आमच्याकडे नेटवर्कची काय तऱ्हा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. थेंब अर्ध्यावर येऊन थांबला. त्यांनी बंद करून परत उघडलं. थेंब पुन्हा वरून निघाला. असं चार वेळा. पाचव्यांदा कमळ उमललं, आणि त्याखाली काय, तर बारीक फिकट गुलाबी अक्षरं, पांढऱ्यावर. उन्हात पांढरंच दिसणार. नंबर सर्वांत खाली, तोही चित्रात काढलेला. बोट ठेवलं तर फोन लागेना. साळूबाई मला सांगत होत्या, "मास्तर, मी बोट दाबून दाबून थकले. म्हटलं माझंच कायतरी चुकतंय. अडाणी बाई मी." शेवटी त्या रिक्षा करून जुन्या पत्त्यावर गेल्या. तिथे कुलूप. तिथून विचारत विचारत बायपासला. पिशवी मिळाली, पण दीड तास गेला. सून वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. आज सहा महिने झाले, ती पोर अजून पाण्याची कळशी उचलू शकत नाही.

माझंच काहीतरी चुकलं असं साळूबाईंना वाटलं, या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. चूक करणाऱ्याला बक्षीस, आणि जिच्या सुनेच्या जिवावर बेतलं ती स्वतःला अडाणी म्हणते.

पुन्हा कामावर यायला लागल्यावर त्यांनी पोळ्या लाटता लाटता हे अण्णांना सांगितलं. अण्णांनी घास ताटात ठेवला आणि साळूबाईंच्याच फोनवर ती वेबसाइट बघितली. अंगणात जाऊन, उन्हात.  परत ताटावर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी हेरंबचा सत्कार होता. अकरा वाजता अध्यक्ष आणि चार प्रतिष्ठित मंडळी त्याच्या ऑफिसपाशी जमणार, त्या पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काढणार, असं ठरलेलं. सकाळी आठला मी दात घासत ओट्यावर आलो तर समोर शिडी. शिडीवर अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर, एका हातात काळ्या ऑइलपेंटचा डबा. त्या दुधासारख्या भिंतीवर 'रक्त' असा शब्द उमटलेला, एकेक अक्षर हातभर उंच. खाली पत्ता लिहून झाला होता आणि नंबराचे आकडे चालू होते, वीत वीत उंचीचे.

मी ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिलो. म्हटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

हेरंब नवा कुर्ता घालून आला आणि जागच्या जागी थिजला. "अण्णा, हे काय केलंत?"

"बाजूला हो. सावली पडतीय तुझी," अण्णा म्हणाले आणि शेवटचा आकडा पुरा केला.

"अण्णा, आज लोक येणार आहेत. भिंत माझी आहे. मला एका शब्दाने विचारायचंत तरी." त्याचा आवाज चिरकला. अण्णा शिडीवरून उतरले, ब्रश रॉकेलमध्ये बुचकळला आणि फडक्याला हात पुसत पायरीवर बसले.  गल्लीत माणसं जमू लागली. कुणी हसलं, कुणी फोटो घेतले. हेरंबचं तोंड लाल झालं होतं. त्या घडीला मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू.

अकराला अध्यक्ष आले, हातात शाल आणि नारळ. भिंत पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मार्तंडराव, हे काय आरंभलंत? इतकं सुंदर काम आपल्याकडे झालंय, बक्षीस आलंय, आणि तुम्ही विद्रूप करून ठेवलंत."

अण्णा उठले. "अध्यक्षसाहेब, एक काम करा. भिंतीकडे पाठ करा आणि तुमच्या फोनवर पेढीचा नंबर काढून दाखवा. इथंच, उन्हात."

अध्यक्ष हसले. "मला तो पाठ आहे हो. शोधायची वेळ कधी आलीच नाही."

"तेच म्हणतोय मी," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी हेरंबकडे बघितलं. हेरंबने चिडून खिशातून फोन काढला. महागाचा फोन, चकचकीत. थेंब निघाला. गल्लीतली पंधरावीस माणसं त्याच्याभोवती उभी राहून थेंब कधी पडतो त्याची वाट बघत होती. मी तुम्हाला सांगतो, घाई असलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून तो थेंब बघावा, म्हणजे तो किती सावकाश पडतो ते कळतं. कमळ उमललं. हेरंबने फोनवर हाताचा आडोसा धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "हा काय, इथे आहे."

"तुला सापडला, कारण तूच लपवलास," अण्णा म्हणाले. "आता लाव बघू फोन."

हेरंबने आकड्यांवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं, जे साळूबाईंनी सांगितलं होतं. क्षणभर त्यालाही वाटलं, आपलंच बोट चुकतंय.

"हे एका बाईनं पटांगणात उभं राहून केलंय," अण्णा म्हणाले, "सून आत रक्तात पडलेली असताना." आणि त्यांनी साळूबाईंची सगळी हकिगत सांगितली. थोडक्यात, आवाज न चढवता. अध्यक्षांनी शाल दुसऱ्या हातात घेतली आणि खाली बघत राहिले.

हेरंब म्हणाला, "अण्णा, मला हे आत बसून सांगता आलं असतं."

"तिनं उन्हात भोगलं. तुला सावलीत कसं सांगू?"

मग अण्णा जे बोलले ते मी त्याच दुपारी वहीत उतरवून ठेवलं. ते म्हणाले, "हेरंबा, वळण तुला मी दिलं नाही. ते तू जन्माला येताना घेऊन आलास. मी तुला फक्त रस्ता ओलांडायला शिकवत होतो, आणि तेवढंच तू विसरलास. पाटी माणूस कधी वाचतो? कुठंतरी पोचायचं असतं तेव्हा. तुझं पान कोण उघडणार होतं? ज्याला रक्त हवंय तो. त्याचे हात कापणार, डोळ्यांत पाणी असणार, फोन फुटका, वर ऊन. हा माणूस तू मनात आणलाच नाहीस. तू मनात आणलेस ते बक्षीस देणारे पंच, गार खोलीत बसलेले. त्यांना रक्त नको होतं, म्हणून त्यांना थेंब आवडला. तुम्हा लोकांना साध्या गोष्टी करायला कमीपणा वाटतो. अक्षर मोठं ठेवणं, रंग गडद ठेवणं, नंबर वर ठेवणं, यात कसली आलीय कला, असं वाटतं. अरे, वस्तरा शिरोरेघेत घालायला मला आठ दिवस लागले. अक्षर मोडून घालायचा असता तर अर्ध्या तासात घातला असता. न मोडता घालायचा होता, तिथं डोकं लागलं. कल्पकता म्हणतात ती तिथं लागते."

शेवटी ते म्हणाले, "चुना मी आणून ठेवलाय. साळूबाईंच्या फोनवरून, भर दुपारी, घाईत नंबर लागला की मी स्वतः येऊन तुझी भिंत पांढरी करून देईन."

सत्कार झाला नाही. फोटोही निघाला नाही. हेरंब दार लावून आत बसला. चार दिवस तो माझ्याकडेही बघत नव्हता. पाचव्या दिवशी उन्हाच्या वेळी तो साळूबाईंच्या दारात गेला. काय बोलला ते मला ठाऊक नाही. साळूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगा उंबऱ्यातच बसला. पाणी दिलं तर पिईना."

मग तो रोज त्यांना बारा वाजता एसटी स्टँडवर घेऊन जाऊ लागला. त्यांचा फोन, त्यांचं बोट. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, बटण बारीक आहे, शेजारचंच दाबलं जातंय. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'संपर्क' म्हणजे काय लिहिलंय, 'फोन करा' लिही की. तिसऱ्या दिवशी नेटवर्क गेलं आणि पान उघडेचना, तेव्हा हेरंब तिथेच बाकावर बसून काहीतरी कागदावर खरडत राहिला. हे सगळं डिझाइनच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं म्हणे. मला तो स्वतःच म्हणाला, "सर, मला हे सगळं येत होतं. शिकलो होतो मी." ठाऊक असून न करणारा आणि ठाऊक नसलेला यांत पहिल्याचे मी जास्त गुण कापत असे.

नवव्या दिवशी मीही स्टँडवर गेलो होतो. सातारची गाडी लागलेली, गर्दी, कंडक्टरची शिट्टी, डोक्यावर ऊन. साळूबाईंनी पान उघडलं आणि ते लगेच उघडलं. थेंब होता. पण आता तो कुठून पडत नव्हता. वरच, मध्यभागी, अर्ध्या पडद्याएवढा लालभडक थेंब स्थिर उभा, आणि त्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'रक्तासाठी फोन करा'. खाली मोठ्या काळ्या अक्षरांत पत्ता. मी चित्रकलेचा मास्तर आहे, म्हणून सांगतो, आधीच्या कमळापेक्षा हे देखणं होतं.

साळूबाईंनी थेंबावर बोट ठेवलं. फोन लागला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "नमस्कार, रक्तपेढीतून बोलतेय. कोणता गट हवाय?"

साळूबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडची बाई दोनदा हॅलो म्हणाली. मग साळूबाई हळूच म्हणाल्या, "काही नको गं बाई आता. तेव्हा हवं होतं."

त्यांनी फोन बंद केला आणि पदराने काच पुसली. हेरंब त्यांच्या शेजारीच उभा होता. तो खाली वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावला. साळूबाई म्हणाल्या, "असूदे. आता लागतोय ना नंबर," आणि गाडीत चढल्या. त्यांना माहेरी जायचं होतं.

संध्याकाळी अण्णा शब्दाला जागून चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आले. हेरंब दारातच होता. त्याने त्यांच्या हातातली बादली काढून घेतली आणि पायरीमागे ठेवून दिली. मग आतून खडू आणला. भिंतीवरच्या नंबराखाली, बरीच जागा सोडून, त्याने आपलं नाव आखलं, आणि त्याखाली 'वेबसाइट व पाट्या'. वर्षभर जी भिंत रिकामी ठेवली होती, तिच्यावर. अक्षरं अशी सुरेख की अण्णा पायरीवर बसल्या बसल्या पुढे झुकले. पण 'वा' म्हणाले नाहीत.

हेरंबने खडू खिशात ठेवला, रस्ता ओलांडून माझ्या ओट्याशी येऊन उभा राहिला आणि कुणी घाईत जाताना दिसतंय का, ते बघू लागला.

मी घाईत नव्हतो, म्हणून त्याने मला विचारलं नाही.